होडीवालीचं वजन

४ फेब्रुवारी

चि. चष्मेवालीबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझ्या ताईचा गुडघा कसा आहे हे तू रोज फोनवर सांगतेस आणि मला त्यातलं निम्मं ऐकू येत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दातांसाठी सोन्याच्या टोप्या घडवल्या, त्या घासायच्या चाकाच्या आवाजानं कान खाऊन टाकले. म्हणून हे पत्र. शिवाय फोन ताईच्या उशाशी असतो, आणि मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर जाता कामा नये.

ऑपरेशन तुमच्या गावी झालं हे बरंच झालं. डॉक्टर तिथले, तुझं दुकान दवाखान्यासमोर, आणि रोज डबा घेऊन जायला तू आहेस. मी मात्र इथे एकटा. भिंतींशी बोलून कंटाळा आला. म्हणून परवा नाणेसंग्राहक मंडळाचे सेक्रेटरी दारात उभे राहिले तेव्हा मी त्यांना जवळजवळ मिठीच मारली.

ते दरवर्षी येतात, तुला माहीत असेल. त्यांचं वार्षिक प्रदर्शन असतं. ताईकडे त्या नऊ कर्तबगार बायकांचे चेहरे असलेली सोन्याची नाणी आहेत ना, टाकसाळीनं काढलेली, तशी सगळीच्या सगळी आख्ख्या मंडळात कुणाकडे नाहीत. सेक्रेटरी गयावया करतात आणि तुझी ताई दरवर्षी काहीतरी कारण काढते. एकदा म्हणाली, हॉलमध्ये धूळ असते. एकदा म्हणाली, संच अपुरा आहे. तो पूर्ण झाला तेव्हा म्हणाली, बघू. मला हे कोडं कधी उलगडलं नाही. एकेका नाण्यासाठी वर्ष-वर्ष पैसे साठवणारी, रविवारी हातमोजे घालून त्यांच्यासमोर तासभर बसणारी बाई, आणि दाखवायची वेळ आली की गप्प. यंदा ती घरात नाही. मी सरळ हो म्हणून टाकलं. प्रदर्शन सोळा मार्चला, ताई घरी येणार दहाला. आल्या आल्या सांगायचं आणि तिचा चेहरा बघायचा, असा बेत आहे.

आता नुसती ठेवून कसं चालेल? मी पेटी उघडली. मला ती पेटीला हात लावू देत नाही, पण किल्ली कुठे असते ते तीस वर्षांच्या संसारात कळतंच. बघतो तर काय, नाण्यांची पार्श्वभूमी आरशासारखी आणि बिचाऱ्यांचे चेहरे मात्र पांढुरके. दुधावर साय यावी तसा थर. इतकी वर्षं पेटीत बंद, दुसरं काय होणार. सोन्याची आणि माझी ओळख जुनी आहे. मऊ कापडाचं चाक लावलं, तांबडी पूड घेतली आणि बसलो. डॉक्टरीणबाई, दुर्बीणवाली, छापखानेवाली आणि राणीसाहेब अशा चौघी झाल्या. चेहरे असे लखलखतायत की दाढी करून घ्यावी. उरलेल्या पाच या आठवड्यात.

ताईला चकार शब्द बोलू नकोस.

तुझे भाऊजी


९ फेब्रुवारी

ती. भाऊजींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं होतं. त्याला मी अक्षरांची पाटी उलटी टांगून दाखवली आणि वाचता येत नाही म्हटल्यावर जाड भिंग चढवलं. यावरून माझी अवस्था ओळखा.

भाऊजी, आधी ते चाक बंद करा. ती साय नाही. तो थर टाकसाळ मुद्दाम देते, चेहरा उठून दिसावा म्हणून. त्यासाठी वेगळे कारागीर असतात. संग्राहक लोक नाण्यावर श्वाससुद्धा पडू देत नाहीत, ताई हातमोजे उगाच घालते का? घासलेलं नाणं त्यांच्या लेखी वाया गेलेलं नाणं. तुम्ही सोन्याचे जाणकार आहात, पण ते तोंडातल्या सोन्याचे. हे वेगळं.

चार झाली ती झाली. ताईला मी हळूहळू सांगेन, तुम्ही घाई करू नका. उरलेल्या पाचांना हात लावू नका. बाहेरही काढू नका. खरं म्हणजे बघायचीसुद्धा गरज नाही, पेटी बंद करून किल्ली जागेवर ठेवून द्या.

आणि सेक्रेटरींना नाही म्हणून कळवा. ताईचा पाय तोवर धड होणार नाही. हॉलमध्ये गर्दी, कुणी धक्का दिला तर? चोऱ्या होतात त्या वेगळ्याच. आणि तिला न विचारता ठरवलेलं तिला आवडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या वर्षी बघू म्हणावं.

ताई मजेत आहे. काल दहा पावलं चालली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं वजन केलं त्या काट्यात चूक आहे असं तिनं नर्सला पटवून दिलं, आता तो काटा दुरुस्तीला गेलाय. निवृत्त झाली तरी वजनमापं खात्याची इन्स्पेक्टरीणबाई ती.

कृपा करून ऐका माझं.

धाकटी


१३ फेब्रुवारी

चि. धाकटीला आशीर्वाद.

तुझं पत्र आज, मंगळवारी मिळालं. मी काल सगळं संपवून बसलो होतो.

काय लिहू. पत्र वाचून मी आठही जणींना टेबलावर मांडलं आणि नुसता बघत राहिलो. सगळ्या आपल्या चकाचक हसतायत. मला वाटलं होतं त्यांना मी न्हाऊ-माखू घातलं. आता कळतंय की कुणीतरी मन लावून केलेलं काम मी चाकावर धरून पुसून टाकलं. माझ्या हातची टोपी कुणी अशी बिघडवली असती तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. तिला काय तोंड दाखवू, सांग.

आठ म्हणालो हे तुझ्या ध्यानात आलं असेल. नववीची गोष्ट वेगळी आहे, आणि तीच जास्त वाईट आहे.

शेवटच्या खणात ती होडीवाली असते. पुरात दिवसभर होडी मारून माणसं काढणारी, डोक्याला रुमाल बांधलेली. मी ती उचलली आणि हात आपसूक वर गेला. इतकी हलकी. निम्मं वजनसुद्धा नाही. सोनं हातात धरून माझं आयुष्य गेलं, मला काटा लागत नाही. तरी खात्री करायला कड जराशी चाकावर टेकवली. वरचा मुलामा गेला आणि खाली पितळ. कडेला आणखी एक गंमत दिसली. तिथे बारीक अक्षरं असावीत, ती कुणीतरी घासून काढली आहेत. फार सफाईनं काढलीत. ज्यानं केलं त्याचा हात चांगला आहे, माझ्याकडे असता तर मी कामावर ठेवला असता.

तुझ्या ताईला फसवलं गं कुणीतरी. जिनं जन्मभर दुकानदारांची वजनं तपासली, तिच्याच गळ्यात पितळ मारलं. हे तिला कळलं तर ती खचेल. गुडघ्याचं दुखणं परवडलं.

ती सगळी नाणी एकाच म्हाताऱ्याकडून घेते, चौकातल्या त्या नाणेवाल्याकडून. देवमाणूस आहे म्हणते. शनिवारी मी त्या देवमाणसाकडे जातो आहे. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याच्या पुढ्यात हे पितळ आपटणार आहे. मग मंडळाच्या सेक्रेटरींनाही सांगणार. असल्या माणसाचं दुकान चालू राहता कामा नये.

ताईला अजून काही कळू देऊ नकोस.

भाऊजी


१५ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

शनिवारी जाऊ नका. हे पत्र त्याआधी पोचावं म्हणून हातातलं काम टाकून लिहिते आहे. मघाशी फोनही केला होता. मी तीनदा ओरडून सांगितलं, जाऊ नका. तुम्ही "हो, जेवलो" म्हणालात आणि ठेवून दिलात.

त्या म्हाताऱ्याचा काही दोष नाही. पितळ मी ठेवलं.

आता लिहायला घेतलंय तर सगळं लिहिते. अठरा वर्षं झाली. मी तुमच्याकडे राहत होते. आई गेल्यापासून ताईनंच मला वाढवलं हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही कधी परकी मानलं नाहीत. चष्म्याच्या दुकानात मुलाखत होती. त्याआधी तीन ठिकाणांहून मी हात हलवत परत आले होते. ताई तपासणीच्या दौऱ्यावर गेलेली, दहा दिवस. मला फार भीती वाटत होती. मी पेटी उघडली आणि होडीवाली कोटाच्या खिशात टाकली. तिनं एवढा पूर पार केला, मला एक मुलाखत पार करू दे, असं काहीतरी डोक्यात होतं. मुलाखतभर खिशात हात घालून तिला धरून बसले होते. नोकरी मिळाली. आनंदात पायी घरी आले आणि दारात खिसा चाचपला तर अस्तर फाटलेलं. तो खिसा शिवून घे म्हणून ताई महिनाभर माझ्या मागे लागली होती.

चार दिवस तो रस्ता मी येता-जाता शोधला. गटारांच्या जाळ्या उचलून बघितल्या. मग संग्रहालयातल्या आठवणवस्तूंच्या खिडकीवर तिची सोनेरी मुलाम्याची पितळी प्रतिकृती मिळाली. कडेला बारीक अक्षरांत "प्रतिकृती" लिहिलेलं असतं. ते मी दुकानातल्या भिंगं घासायच्या दगडावर काढलं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकलेलं पहिलं काम. तुम्ही त्या हाताची तारीफ केलीत तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिल्या पगारात सांगू, मग नवं घेऊन देऊ आणि मग सांगू, असं करता करता राहिलं. पैसे होते तेव्हा ते नाणं बाजारात मिळेना. ताईला कधी शंका आली नाही. त्या सुमारास तिनं नाणी चारचौघांत काढणंच बंद केलं. मला वाटलं, तिचा रस कमी झाला, आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. तुमच्याकडे आले की अजूनही मी गुपचूप पेटी उघडून ती जागेवर आहे ना एवढं बघते.

रोज तिला हात धरून चालवते. ती म्हणते, तू आहेस म्हणून निभावलं. मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही, भाऊजी. तिला कळलं तर ती मला कधी पूर्वीसारखं "धाकटे" म्हणेल असं वाटत नाही. मला तेवढीच एक भीती आहे.

तुम्ही सांगाल तसं करेन.

धाकटी


१९ फेब्रुवारी

चि. धाकटे,

तुझं पत्र आज सोमवारी आलं. मी परवाच जाऊन आलो.

घाबरू नकोस, आपटाआपटी झाली नाही. व्हायची होती. मी दुकानात शिरलो तोच मुळी बाह्या सरसावून. म्हातारा भिंगातून काहीतरी बघत होता. मी होडीवाली त्याच्यासमोर ठेवली आणि तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "अरे वा, ही अजून आहे का बाईंकडे?"

मी म्हटलं, म्हणजे काय? त्यानं मला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि माझ्या कानाशी येऊन, माझ्यासारख्याला समजेल असं सावकाश सांगितलं.

अठरा वर्षांपूर्वी ताई हेच पितळ घेऊन त्याच्याकडे गेली होती. तिनंच ते त्याच्या काट्यावर ठेवलं आणि वर म्हणाली, "तुमचं नव्हे हे, मला माहीत आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग खरं शोधून द्याल का म्हणून विचारलं. त्यानं तीन महिने खटपट करून मिळवलं. ती गेली, हातमोजे घालून ते उचललं, बराच वेळ धरून बसली, आणि परत ठेवलं. म्हणाली, "हे पेटीत ठेवलं तर घरात एकीला कळेल की मला कळलंय. राहू द्या." त्यानं वर्षभर तिच्यासाठी बाजूला ठेवलं होतं. ती घ्यायला गेली नाही.

"एकीला" म्हणाली. मी तिथून घरी आलो आणि दोन दिवस विचार करत होतो, एकी म्हणजे कोण. घरात एक ताई, एक मी आणि एक तू. माझं डोकं दातांच्या साच्याइतकंच चालतं, म्हणून तुझ्या पत्राची वाट बघावी लागली.

तेव्हा ऐक. तिला पहिल्यापासून माहीत आहे. अगं, वजनमापं खात्यातल्या बाईच्या पेटीत तू निम्म्या वजनाचं नाणं ठेवलंस आणि तिला कळणार नाही असं तुला वाटलं? तू म्हणतेस तिला कळलं तर ती धाकटे म्हणणार नाही. अठरा वर्षं कळूनच म्हणते आहे.

मी तिला हे सांगणार नाही. ते तुझं आहे. पण तू सांग, या आठवड्यातच सांग. साय घासल्याचं माझं मी वेगळ्या पत्रात तिला लिहितो आहे. तुझ्यावर ओरडून ती दमली म्हणजे मी सुटेन, असा विचार मनात येऊन गेला. नंतर लाज वाटली. दोघं मिळून ओरडा खाऊ.

भाऊजी


१ मार्च

अहो दातवाले,

तुमचं पत्र मिळालं. चार पानं, त्यातली साडेतीन प्रस्तावना. मला वाटलं, घराला आग लागली.

साय म्हणे. वाचल्यावर मी दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. नर्सला वाटलं दुखतंय, तिनं गोळी दिली. मी अजून रागावलेली आहे. आणखी पुष्कळ दिवस रागावणार आहे. सव्वीस वर्षं त्यांच्या चेहऱ्यांवर मी माझं बोट लागू दिलं नाही आणि तुम्ही चाक फिरवलंत. मी आल्यावर खूश व्हावं म्हणून केलंत हेही मला कळतं, त्यामुळे धड भांडताही येत नाही. पुन्हा कधी मला खूश करावंसं वाटलं तर आधी विचारा.

धाकटीनं सांगितलं. वेळ काय निवडली पाहा. गुडघा वाकवून दहा आकडे मोजायचे असतात. मी सातावर होते तेव्हा तिनं सांगितलं. माझे आकडे चुकले आणि व्यायामवाल्या बाईंनी सगळं पहिल्यापासून करायला लावलं. पुन्हा दहापर्यंत मोजून झाल्यावर मी म्हटलं, "माहीत आहे." तर ही माझ्यावरच चिडली. म्हणे, अठरा वर्षं मला धड झोप नाही आणि तुला माहीत होतं? मी म्हटलं, अठरा वर्षं तू सांगितलं नाहीस त्याचं काय? असं आमचं चांगलं जुंपलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी ऐकू यावं म्हणून रेडिओ बंद केला. मग दोघी रडलो. त्या बाईही रडल्या, काही कारण नसताना.

आता तुम्ही विचारालच की त्याच दिवशी का बोलले नाही. सांगते. दौऱ्यावरून आले, पेटी उघडली, उचललं आणि कळलं. तोंडात शब्द तयार होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिच्या हसण्याचा आवाज आला. दुकानाचा मालक चष्मा कपाळावर ठेवून चष्मा कसा शोधतो ते ती तुम्हाला करून दाखवत होती. आई गेल्यापासून ती जेवताना मान वर करत नव्हती, आठवतं ना? त्या दिवशी ती पोट धरून हसत होती. मी पेटी बंद केली. म्हटलं, उद्या बोलू. रोज ती हसायची, रोज मी उद्यावर टाकायची. वर्ष गेल्यावर बोलले असते तर तिला वाटलं असतं, वर्षभर ताई मनात धरून बसली होती. मग बोलणं अवघडच होत गेलं.

नवं नाणं ठेवलं असतं तर तिला लगेच समजलं असतं, ती येऊन बघून जाते ते मला माहीत होतं. आणि मंडळाच्या टेबलावर मांडलं असतं तर पहिल्याच माणसानं उचलून हे पितळ आहे म्हणून सांगितलं असतं. गावभर चर्चा, घरातल्या कुणाचं काम म्हणून. म्हणून दरवर्षी नाही म्हटलं. मला दाखवायचं नव्हतं असं नाही. फार दाखवायचं होतं. प्रदर्शनाच्या दिवशी मी मुद्दाम घरात काहीतरी धुवायला काढायची, म्हणजे तिकडे लक्ष जाणार नाही.

आता सेक्रेटरींना कळवा, आम्ही येतो. नऊच्या नऊ मांडायच्या. आठ तुम्ही उजळलेल्या आणि एक पितळेची. संग्राहकांच्या दृष्टीनं त्यात आता काही राम नाही, ते मला ठाऊक आहे, ते नाकं मुरडतील. मुरडू देत.

माझी एक अट आहे. टेबलाच्या डाव्या बाजूला तुम्ही उभं राहायचं आणि येईल त्याला सांगायचं की घासली मी. उजव्या बाजूला धाकटी, तिनं सांगायचं की हरवली मी, आणि प्रतिकृतीवरची अक्षरंही मीच काढली. कुणी हसलं तर ऐकून घ्यायचं. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती आधी पांढरी पडली आणि मग म्हणाली, साडी कुठली नेसू. म्हणजे येणार. मध्ये खुर्चीवर पाय लांब करून मी बसणार आहे. डॉक्टरीणबाईंपासून सुरुवात करून प्रत्येकीची गोष्ट मी सांगेन, आणि होडीवालीची सगळ्यांत सविस्तर. अठरा वर्षांच्या साठल्या आहेत. वेळ लागेल, सेक्रेटरींना तसं आधीच सांगून ठेवा.

धाकटी सोळापर्यंत आपल्याकडेच राहणार आहे, तिची खोली झाडून घ्या. आणि हॉलवर जाताना आपली उंच खुर्ची बरोबर घ्यायची. तिथल्या बुटक्या असतात आणि माझा गुडघा अजून पुरता वाकत नाही.

तुमची
इन्स्पेक्टरीणबाई